आधी कळू द्या, मग भरू

सीमाभागातील खेड्यांत महिन्याच्या ठरावीक दिवशी एक कागद घरोघर येतो. मीटर बघायला आलेला माणूस हातातल्या यंत्रातून चिठ्ठी फाडतो, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती देतो आणि पुढच्या घराकडे वळतो. चिठ्ठी कानडीत असते. घरातली कर्ती मुले गोव्याला, पुण्याला नाहीतर कोल्हापूरच्या कारखान्यात. मागे राहिलेली माणसे चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा तेवढा बघतात आणि ती खुंटीच्या तारेला अडकवून ठेवतात. आकडा नेहमीचा असला तर कोणाला काही वाटत नाही. पण शून्य किंवा शे-दीडशे येणारे लाईट बिल एखाद्या महिन्यात हजार-बाराशेवर गेले, की घरात कालवा सुरू होतो. मीटर पळतोय म्हणावे, तर कोणाला दाखवायचे? दर वाढलाय म्हणावे, तर किती आणि कधीपासून? थकबाकी असेल म्हणावे, तर ती कुठल्या महिन्याची? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा त्याच कागदावर छापलेली असतात. ती आपल्याला वाचता येत नाहीत, एवढेच.

मग होते काय, तर लाईट तोडतील या धास्तीने पैसे भरले जातात. आता तर मोबाईलवरून भरणा होतो. तिथे फक्त भरायची रक्कम दिसते, तिची फोड कोणी बघत नाही. चूक असली तर ती पुढच्या महिन्यात जाते, तिच्यावर व्याज चढते आणि सहा महिन्यांनी तक्रार करायला गेल्यावर ‘इतके दिवस काय झोपला होता काय?’ असे ऐकून घ्यावे लागते.

भाषेचा प्रश्न म्हटला की फलक, परिपत्रके आणि सभा-संमेलने डोळ्यांपुढे येतात. ती महत्त्वाची आहेतच. पण भाषेचा प्रश्न घराच्या खर्चापर्यंत कसा पोचतो हे पाहायचे असेल, तर हा वीज बिलाचा कागद पाहावा. चंदगड तालुक्यातल्या शेतकऱ्याला महावितरणचे बिल मराठीत मिळते. शिनोळीची हद्द ओलांडून अलीकडे बेळगाव तालुक्यात आले, की तीच बोली बोलणाऱ्या, अनेकदा त्याच सोयऱ्याधायऱ्यांतल्या माणसाला ते कानडीत मिळते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बिल कानडीत आहे म्हणून युनिट वाढत नाहीत. वाढलेले प्रत्येक बिल म्हणजे लबाडी, असेही नाही. काही बिले खरीच असतात, काही चुकीची असतात. कोणते खरे आणि कोणते चुकीचे हे ग्राहकाला स्वतः ठरवता येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून मागणी कशाची करायची हे सांगण्याआधी बिल कसे पारखायचे ते पाहू.

बिल का फुगते?

बिल वाढण्याची कारणे मोजकी आहेत. पहिले, खरोखरच जास्त वीज जळणे. दुसरे, मीटर न बघता सरासरीने बिल काढणे किंवा आकडा चुकीचा घेणे. तिसरे, मीटर किंवा घरातील वायरिंग बिघडणे. चौथे, दर बदलणे. पाचवे, मागची बाकी, व्याज किंवा वाढीव ठेव त्याच बिलात मिळवणे.

दरवाढीचे एक उदाहरण 2023 सालचे. कर्नाटक वीज नियामक आयोगाने त्या वर्षी 12 मे रोजी युनिटमागे सरासरी 70 पैशांची वाढ मंजूर केली आणि ती 1 एप्रिलपासून लागू केली. मागच्या महिन्यांचा फरक जूनच्या बिलात आला, आणि सर्व राज्यात ओरड झाली. व्यापारी व कारखानदारांच्या संघटनेने 22 जूनला बंद पुकारला. त्या महिन्यात कित्येक घरांत वीज नेहमीइतकीच जळली होती, तरी बिल मोठे आले. मीटर दोषी नव्हता, दर मागून आला होता.

सरासरी बिलाचा अनुभव 2020 साली साऱ्या महाराष्ट्राने घेतला. टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीस मीटर बघणे थांबले, ग्राहकांना आधीच्या महिन्यांच्या सरासरीने बिले गेली. ती सरासरी थंडीच्या दिवसांची होती. प्रत्यक्षात उन्हाळा होता आणि सारी माणसे घरात होती. जूनमध्ये मीटर पाहिल्यावर साठलेले युनिट एकदम बाहेर आले. त्या वेळी महावितरणला गावोगावच्या ग्राहकांना बिलाची फोड समजावून द्यावी लागली आणि हप्तेही बांधून द्यावे लागले. दोन-तीन महिन्यांचे युनिट एकदम आले तर ते त्या त्या महिन्यांत वाटून मगच दर लावायला हवेत, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. तो हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू आहे.

दोनशेची वेस

कर्नाटकात घरगुती ग्राहकांसाठी ‘गृहज्योती’ योजना जुलै 2023 पासून सुरू झाली. दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत, असे लोक म्हणतात. नियम त्याहून थोडा वेगळा आहे आणि पुष्कळ घरांत बिलाचा धक्का बसतो तो इथेच.

2022-23 या वर्षातील तुमच्या वापराची मासिक सरासरी काढली जाते, तिच्यात दहा टक्के मिळवले जातात आणि तेवढे युनिट माफ होतात. अगदी कमी वीज वापरणाऱ्यांना पुढे 2024 मध्ये थोडी जास्त सवलत मिळाली. माफ युनिटांच्या वर पण दोनशेच्या आत वापर गेला, तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात. दोनशेच्या वर गेला, तर त्या महिन्यात सारेच युनिट पैसे देऊन घ्यावे लागतात.

शाळेतल्या गणितासारखे मांडून पाहू. एका घराची सरासरी 80 युनिट, दहा टक्के धरून 88 माफ. 2025-26 साठी घरगुती दर युनिटला 5 रुपये 80 पैसे ठरला होता, तो धरू. 200 युनिट जळले तर 112 युनिटांचे 649 रुपये 60 पैसे. 201 जळले तर 201 युनिटांचे 1165 रुपये 80 पैसे. एका युनिटाने 516 रुपये 20 पैशांचा फरक पडला. स्थिर आकार, कर आणि 1 एप्रिल 2025 पासून आलेला निवृत्तिवेतनाचा युनिटमागे 36 पैसे अधिभार हे सारे आणखी वेगळे.

म्हणून ज्या घराचा वापर दीडशेच्या पुढे जातो, त्यांनी महिना संपायच्या आठ-दहा दिवस आधी मीटर एकदा बघावा. बिल किती दिवसांचे आहे, तेही पाहावे. मीटर बघणारा पाच दिवस उशिरा आला तर त्या पाच दिवसांचे युनिट याच बिलात येतात. तारखा बिलावर छापलेल्या असतात. दिवस जास्त झाल्यामुळेच दोनशेची वेस ओलांडली गेली असेल, तर ते लेखी दाखवून द्यावे.

घरात वीज कुठे जाते?

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होतो. एवढे सूत्र पुरे. पाणी तापवायची दीड हजार वॉटची कॉईल रोज एक तास चालली की महिन्याला 45 युनिट. दोन हजार वॉटचा गिझर रोज तासभर चालला की 60 युनिट. एक अश्वशक्तीची मोटर रोज तासभर चालली की 22 ते 25 युनिट. जुना 75 वॉटचा पंखा रोज दहा तास फिरला तर साडेबावीस युनिट. साठ वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर नऊ युनिट, त्याच जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला तर दीड युनिटही होत नाही.

थंडी पडली आणि चुलीवरचे पाणी कॉईलवर गेले, की त्या एका बदलाने घराचे बिल दुप्पट होऊ शकते. गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी आठ दिवस घरी येतात, रोषणाई होते, मोटर दोनदा चालते. ते बिल पुढच्या महिन्यात येते, तोवर सण विसरलेला असतो.

खानापूरकडच्या पावसात भिंती महिना महिना ओल्या राहतात. जुन्या वायरी भिंतीत असल्या की वीज मुरते. याची परीक्षा सोपी आहे. घरातील सारी उपकरणे आणि दिवे बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर घरात कुठेतरी वीज मुरते आहे. वायरमन बोलवा. मग मेन स्विचही बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर दोष मीटरमध्ये किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये आहे. तिथे आपण हात घालायचा नाही. मीटरच्या सीलला तर मुळीच नाही. सील तुटलेले आढळले की तक्रार बाजूला राहते आणि चोरीचा आळ येतो.

कानडी बिलातले दहा शब्द

बिल मराठीत मिळेपर्यंत अडून राहण्यात आपलेच नुकसान आहे. पुढील दहा शब्द कोणालाही पाठ करता येतील. ‘हिंदिन’ म्हणजे मागील आणि ‘इंदिन’ म्हणजे आजचे. मागील आकडा आणि आजचा आकडा यांतील वजाबाकी म्हणजे ‘बळके’, अर्थात वापर. ‘सरासरि’ म्हणजे आपली सरासरीच.  ‘बाकि’ आणि ‘बड्डि’ म्हणजे बाकी आणि व्याज. ‘तेरिगे’ म्हणजे कर. ‘ठेवणि’ म्हणजे ठेव. ‘ओट्टु’ म्हणजे एकूण. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख.

दहापैकी तीन-चार शब्द आपलेच आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन भाषांत असे होतेच. मराठी शाळेतल्या मुलांना कानडी विषय आहे. सातवीतला मुलगा हा कागद आजीला वाचून दाखवू शकतो आणि गणिताच्या तासाला त्याच कागदावरून वजाबाकी, टक्केवारी, व्याज शिकू शकतो. शिक्षक बंधुभगिनींनी महिन्यातला एक तास यासाठी द्यावा. कानडी शिकल्याने मराठीची मागणी दुबळी होत नाही. उलट, आम्ही वाचून, समजून बोलतो आहोत, एवढे समोरच्याला कळते.

बिल हाती आले की पहिले काम म्हणजे मीटरसमोर उभे राहून आकडा ताडून पाहणे. बिलावरचा आजचा आकडा मीटरवरच्या आकड्याहून मोठा असेल, तर चूक उघडच आहे. मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ठेवावा. मीटर बदलला असेल, तर जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला आकडा लिहून घ्यावा. वर्षातून एकदा येणाऱ्या वाढीव ठेवीच्या मागणीला वापर समजू नये. साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव कंपनी ठेवून घेते, तिच्यावर ग्राहकाला व्याज मिळते. ते जमा झाले की नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कायदा आपल्या बाजूला किती?

बराच आहे, पण तो मागावा लागतो. 2003 च्या वीज कायद्याचे 56 वे कलम सांगते की थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल तर ग्राहकाने मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेधासह’ भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. बाराशेचे बिल आले आणि सहा महिन्यांची सरासरी दीडशे असेल, तर लेखी हरकत घेऊन दीडशे भरता येतात. ही तरतूद किती घरांना ठाऊक आहे? मात्र वाद हरला तर उरलेली रक्कम द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच कलमात दोन वर्षांची मर्यादा आहे. दोन वर्षांहून जुनी बाकी दर बिलात सतत दाखवली नसेल, तर ती वसूल करण्यावर बंधन येते. जुनी चूक उशिरा सापडली तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणून असे बिल आल्यास आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा. पण जुनी बिले जपून ठेवावीत, हे त्यातून निश्चित ठरते. तारेला अडकवलेली बिले रद्दीत घालू नका.

2020 साली केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिले देता येत नाहीत. आपत्तीसारखे कारण नसताना ती तशीच येत राहिली, तर मीटर बघून बिल दिले जाईपर्यंत पैसे भरायला ग्राहक नकार देऊ शकतो. मीटरबद्दल तक्रार केली तर तीस दिवसांत तपासणी व्हायला हवी. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने आणखी एक सोय दिली. मीटरचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही आकडे ताडून पाहायचे.

तक्रारीची पायरी ठरलेली आहे. आधी 1912 या क्रमांकावर फोन करून तक्रारीचा नंबर घ्यावा. मग सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज द्यावा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. दोन्हींची तरतूद कायद्याच्या 42 व्या कलमात आहे. अर्जात आर. आर. नंबर, मागचा व आजचा आकडा, मीटरच्या फोटोची तारीख आणि नेमकी मागणी लिहावी. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये. तोंडी तक्रारीला कागदपत्रात जागा नसते.

अर्ज मराठीतच

हा अर्ज कोणत्या भाषेत द्यायचा? भारतीय संविधानाचे 350 वे कलम सांगते की आपल्या गाऱ्हाण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकरणाकडे निवेदन देताना, त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे हे सिद्ध करायला साक्षीदार लागत नाहीत. वीज पुरवणारी हुबळीची कंपनी राज्य सरकारच्याच मालकीची आहे. तिला या कलमातून अंग काढून घेता येऊ नये, असे आमचे मत आहे. अर्ज मराठीत द्या. काम अडू नये म्हणून खाली कानडीत दोन ओळींचा सारांश जोडला तरी हरकत नाही. मूळ अर्ज मात्र मराठीत असू द्या आणि पोच त्यावरच घ्या.

दुसरी गोष्ट कंपनीच्या आणि सरकारच्या कर्तव्याची. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे धोरण देशाने राज्य पुनर्रचनेनंतर मान्य केले. वीज बिल ही दर महिन्याला प्रत्येक घराला बजावलेली पैशाची नोटीसच आहे. तिच्याहून महत्त्वाची सूचना कोणती? हातातल्या यंत्रात मजकूर भरायचा तो एकदाच. कानडीखाली मराठीत ‘मागील आकडा’, ‘आजचा आकडा’, ‘वापर’, ‘बाकी’ एवढे आठ-दहा शब्द छापायला जादा कर्मचारी लागत नाहीत. कानडी काढा असे कोणी म्हणत नाही. मराठीही छापा, एवढेच म्हणणे आहे. ग्राहकाला बिल कळले तर वेळेवर भरणा होतो, वाद कमी होतात आणि कार्यालयातली गर्दीही हटते. यात कंपनीचाही फायदा आहे.

आता आपले काम. प्रत्येक गावात दोन लिहिती-वाचती माणसे या कामाला पुढे आली तरी पुरे. ग्रामपंचायतीत, वाचनालयात किंवा देवळाच्या ओवरीत महिन्यातून एका रविवारी बसावे. ज्याला शंका असेल त्याने गेल्या बारा महिन्यांची बिले आणि मीटरचा फोटो घेऊन यावे. बिल खरे निघाले तर तसे तोंडावर सांगावे, कॉईल आणि मोटरीचा हिशेब घालून द्यावा. चुकीचे निघाले तर तिथेच मराठीत अर्ज लिहावा. अशा अर्जांच्या पोचपावत्या एका फायलीत साठू द्या. मराठी बिलाची मागणी घेऊन जाताना भाषणापेक्षा ती फाईल अधिक बोलेल.

बिल भरणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते सीमाभागाने कधी नाकारलेले नाही. कशाचे पैसे मागता हे आम्हाला कळणाऱ्या भाषेत सांगणे, हे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते त्याने पाळावे, एवढेच आमचे मागणे.